डब्यातला नवाब

लेंड्रा पार्कजवळचा मामांचा बंगला बिल्डरकडे जायचं ठरलं आणि मामीचा फोन आला. "तुझ्या मामांचा तो क्रिकेटचा पसारा आहे ना, तो एकदा पाहून घे बाई. मुलं तर अमेरिकेत बसली आहेत. तू नाही नेलं तर रद्दीत जाईल सगळं." रामदासपेठेतले असे बंगले एकेक करून जात आहेत. कुठे दवाखाना उभा राहतो, कुठे सात मजले. मला वाटलं होतं, दोन-चार पुस्तकं निघतील. निघाली एक पत्र्याची ट्रंक, तीन चिकटवह्या आणि बिस्किटांचा एक चौकोनी डबा.

मी बँकेत नोकरी केली. क्रिकेट पाहिलं ते घरात टीव्ही चालू असतो म्हणून. त्यामुळे मामीच्या बैठकीत, कूलरसमोर, फरशीवर तो डबा उपडा केला तेव्हा समोर काय पडलं आहे हे मला समजलं नाही. बोटभर रुंदीचे जाड कागदाचे तुकडे, प्रत्येकावर पांढऱ्या कपड्यांतला एकेक माणूस रंगात छापलेला. डब्यातले आणि चिकटवहीतले मिळून २३. त्यातले ७ मामांनी लहानपणी चिकटवहीत खळीनं डकवलेले. ट्रंकेत सह्यांची वही, तिकिटांचे अर्धे तुकडे, 'एकच षटकार'चे अंक, आणि वर्तमानपत्रांची कात्रणं, ज्यांच्या कडा कसरीनं खाल्लेल्या.

मामी म्हणाली, "हे छोटे फोटो सासऱ्यांचे. ते सचिवालयात होते, इंग्रजांच्या वेळचे. त्यांचा साहेब सिगरेट ओढायचा, पाकिटातनं हे निघायचं, तो यांना द्यायचा. घरात लेकरू आहे म्हणून." नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती, त्यामुळे साहेब आणि पाकीट दोन्ही खरं असणार.

त्यातलं एक चित्र मी उचललं. खाली इंग्रजीत नाव, नवाब ऑफ पतौडी. मला आनंद झाला, कारण हे नाव मला माहीत होतं. मामा ज्या कसोटीच्या गोष्टी सांगत, १९६९च्या ऑक्टोबरमध्ये सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानावर झालेल्या पहिल्यावहिल्या कसोटीच्या, तिच्यात भारताचा कप्तान पतौडीच होता. न्यूझीलंडनं ती कसोटी १६७ धावांनी जिंकली, भारतातला त्यांचा पहिला विजय, आणि मामा तो पराभव चाळीस वर्षं सांगत राहिले. त्या सामन्याच्या तिकिटाचा तुकडाही ट्रंकेत होता. मी तो तुकडा आणि ते चित्र एका पाकिटात घातलं आणि वर लिहिलं, 'पतौडी, १९६९'.

ही माझी पहिली चूक. ती चूक आहे हे कळायला मला दोन महिने लागले, आणि ते कळलं एका पुस्तकामुळे.

त्या दोन महिन्यांत मी काय काय केलं ते सांगते. आधी बर्डीवर जुन्या वस्तूंच्या एका दुकानात दोन तुकडे दाखवले. दुकानदारानं ते उलटेही केले नाहीत. "काडेपेटीवरची चित्रं आहेत," म्हणाला, "डबा दाखवा, डबा चालतो." मग विद्यापीठाच्या ग्रंथालयापर्यंत गेले. ते रामदासपेठेतच आहे, मामीकडून चालत जाता येतं. पण आत जाऊन मागायचं काय? क्रीडा, छंद, छपाई की तंबाखू, माझी वस्तू कोणत्या कपाटात बसते हेच मला सांगता येईना. ज्या वस्तूला नाव नसतं तिच्याबद्दलचं पुस्तक मागताही येत नाही. दारातूनच परत आले.

मग न्यू जर्सीहून मामेभावाचा फोन आला. त्याच्या मुलाला बेसबॉलच्या कार्डांचं वेड आहे. "ताई, त्याला कार्ड म्हणतात. सिगरेट कार्ड. इकडे सगळे आधी बेकेट बघतात." आणि दिवाळीत येताना त्यानं बॅगेतून टेलिफोन डिरेक्टरीएवढं एक पुस्तक आणलं.

ते मी उघडलं आणि पहिल्यांदा खरोखर घाबरले. हजारो ओळी, मुंगीएवढी अक्षरं, पुढे डॉलर. त्यात माझ्या २३ जणांपैकी एकही नव्हता, असणारही नव्हता, कारण ते बेसबॉलचं पुस्तक. पण भाच्यानं मला ते वाचायचं कसं ते शिकवलं, आणि तो अर्धा तास मला फार मोलाचा वाटतो. जेम्स बेकेट हे संख्याशास्त्राचे प्राध्यापक. लोक कार्डांना काय किंमत देतात याची माहिती गोळा करून त्यांनी १९७९ मध्ये डेनी एक्स यांच्याबरोबर पहिलं किंमतपुस्तक काढलं आणि १९८४ पासून मासिक. भाचा म्हणाला, "आत्या, किंमत शेवटी बघायची. आधी सेट. सेटमध्ये किती कार्डं, तुझ्याकडे कितव्या नंबरचं, आणि मागे काय छापलंय."

मागे! मी तोवर एकही कार्ड नीट उलटं करून वाचलं नव्हतं. चेहऱ्यांकडेच पाहत होते.

त्याच मुलाकडून मला जेफरसन बर्डिक हे नाव मिळालं. हा सिरॅक्यूज गावचा गृहस्थ एका विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करायचा. सांधेदुखीनं हात वाकडे झालेले. अमेरिकेत सिगरेट, गोळ्या, च्युइंगगम यांच्याबरोबर जी जी कार्डं वाटली गेली त्यांची यादी करायला तो बसला आणि १९३९ मध्ये त्यानं तिचं पहिलं पुस्तक काढलं. प्रत्येक संचाला त्यानं एक अक्षर आणि एक आकडा दिला. विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना 'टी'. होनस वॅग्नर या खेळाडूचं जे कार्ड २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरना गेलं, त्याच्या संचाला जगभर 'टी २०६' म्हणतात. हे नाव कंपनीनं दिलेलं नाही, बर्डिकनं दिलेलं आहे. कंपनीनं १९०९ ते १९११ मध्ये पाकिटात टाकलेला कागद, आणि त्याचं नाव पडलं कित्येक वर्षांनी, एका यादीमुळे. त्यानं आपली तीन लाखांहून जास्त कार्डं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली आणि तिथेच बसून, दुखऱ्या हातांनी, ती एकेक करून वह्यांत डकवली. काम १९६३ च्या जानेवारीत संपलं, मार्चमध्ये तो गेला.

डकवली, हे वाचून मी थबकले. मामांचीही ७ डकवलेली. त्यांच्या मागचा मजकूर आता खळीच्या खाली आहे. मी पाण्याचा हात लावून ती सोडवायला निघाले होते. बरं झालं, त्याआधी धरमपेठेतले एक काका भेटले.

हे काका मामांचे मित्र, टपाल तिकिटं जमवणारे, ऐंशीच्या घरातले. त्यांनी आधी माझ्या हातातला ओला स्पंज बाजूला ठेवायला लावला. "मागचं वाचायच्या नादात समोरचंही घालवशील. राहू दे. वहीसकट ठेव, वहीही मामाचीच आहे." मग त्यांनी कपाटातून तिकिटांचे जाडजूड कॅटलॉग काढले आणि एक पान उघडलं. १९७१ सालचं २० पैशांचं तिकीट, त्या वर्षीच्या क्रिकेट विजयांसाठी काढलेलं. १९९६ ची चार तिकिटं : देवधर, मर्चंट, मांकड आणि आपले सी. के. नायडू. प्रत्येकापुढे तारीख, रंग, दातेरी कडेचं माप. काका म्हणाले, "पाहून राहिली ना? तिकीट हातात नसलं तरी ते कसं असलं पाहिजे हे इथे लिहिलेलं आहे. मग हातात आलं की जे जुळत नाही तेच डोळ्याला टोचतं. कॅटलॉग त्यासाठी असतो. भावासाठी नाही."

कार्डांसाठीही असे कॅटलॉग आहेत. लंडन सिगरेट कार्ड कंपनी १९२७ पासून हेच काम करत आली आहे, आणि मरे कार्ड्स यांचा कॅटलॉगही तितकाच हाताशी ठेवावा असा. त्यांतली भाषा तारेसारखी तोडकी असते. कंपनी, संचाचं नाव, साल, किती कार्डं, एकाची किंमत, पूर्ण संचाची किंमत. मला ती एक ओळ वाचायला सुरुवातीला पंधरा मिनिटं लागायची. कार्डाचं नाव मिळायचं तर आधी त्याच्या पाठीवर कंपनी वाचावी लागते. माझ्या कार्डांवर होतं, जॉन प्लेअर अँड सन्स, इम्पीरियल टोबॅको कंपनीची शाखा. मग प्लेअरच्या पानांवर जायचं. तिथे क्रिकेटपटूंचे संच एकापेक्षा जास्त : १९३०चा, १९३४चा, १९३८चा, प्रत्येकी ५०. माझा नवाब १९३४ च्या संचातला निघाला.

आणि इथे ते पाकीट आठवलं. 'पतौडी, १९६९'. १९३४ मध्ये सिगरेटच्या पाकिटातून निघालेला माणूस १९६९ मध्ये नागपुरात कप्तान कसा असेल? कार्डाच्या मागचा मजकूर मी मग पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचला. हे वडील. इफ्तिखार अली खान. हे इंग्लंडकडून खेळले, १९३२ च्या डिसेंबरमध्ये सिडनीला पहिल्याच कसोटीत १०२ काढल्या आणि पुढे १९४६ मध्ये भारताचे कप्तान म्हणून इंग्लंडला गेले. मामा ज्यांच्याबद्दल बोलत ते त्यांचे चिरंजीव. मी बाप-लेकाला एका पाकिटात, मुलाच्या सालात कोंबून ठेवलं होतं. असे किती डबे किती घरांत चुकीच्या नावानं बंद असतील, हा विचार मला त्या रात्री सोडेना.

दुसरी चूक पैशांची झाली. सह्यांच्या वहीत इंग्रजीत एक सही आहे, सी. के. नायडू अशी वाचता येणारी. सी. के. नागपूरचे. ३१ ऑक्टोबर १८९५ ला इथेच जन्मले, हिस्लॉपमध्ये शिकले, १९२३ मध्ये होळकरांकडे इंदूरला गेले. डिसेंबर १९२६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध १५३ धावा, त्यात ११ षटकार, आणि जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कप्तान. काका म्हणाले, त्या दौऱ्याचं सगळं विस्डेनमध्ये मिळेल. विस्डेन म्हणजे क्रिकेटचं पंचांग, १८६४ पासून दरवर्षी इंग्लंडात निघतं. मी लगेच १९३२ च्या विस्डेनची पुनर्मुद्रित प्रत मागवली. जपून उघडली. भारत नाही. पानांमागून पानं न्यूझीलंड.

विस्डेनच्या पाठीवर जे साल असतं त्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा आत असतो. १९३२ च्या अंकात १९३१ चा न्यूझीलंडचा दौरा. भारताचा दौरा १९३३ च्या अंकात. आणि त्याच अंकात वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंमध्ये सी. के. आहेत, त्या दौऱ्यातल्या १,६१८ धावांसह. ही गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना ती सांगण्यासारखी वाटत नाही, म्हणून ती कुठे सांगितलेलीच नसते. म्हणून मी इथे सांगते. तुम्हाला जुनं विस्डेन घ्यायचं असेल तर हव्या त्या दौऱ्याच्या सालात एक मिळवा, आणि विकणाऱ्याला विचारा की प्रत मूळ आहे की पुनर्मुद्रित. वाचायला पुनर्मुद्रित चालते आणि पुष्कळ स्वस्त पडते. जमवणाऱ्याला ती चालत नाही. मऊ वेष्टन की पुठ्ठ्याची बांधणी, यानंही भाव बदलतो. १८९६ पासून दोन्ही निघतात. १९३८ पासून मुखपृष्ठावर एरिक रॅव्हिलियसचं लाकडी ठशाचं चित्र आहे, उंच टोप्या घातलेले दोन खेळाडू. ते चित्र असलेला अंक कोणी १९३३ चा म्हणून देऊ लागला तर हात आखडा.

पुढची पुस्तकं कमी चुका करत घेतली. मार्कस विल्यम्स आणि गॉर्डन फिलिप्स यांचं विस्डेनच्या नावानं निघालेलं क्रिकेटच्या संग्राह्य वस्तूंचं पुस्तक, १९९० चं. बॅट, चेंडू, चिनी मातीची भांडी, कार्डं, सह्या, सगळ्यांवर प्रकरणं, आणि चित्रं भरपूर. पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं असं कोणी मला विचारलं तर मी हेच सांगेन, कारण त्यात वस्तू दिसते. पॅडविक यांची क्रिकेटविषयक पुस्तकांची सूची मात्र नवशिक्यानं आधी उघडू नये. दहा हजारांवर नोंदी, पण त्या पुस्तकांच्या. वस्तू एकही नाही. मला ती अथांग वाटली. आता तिचा उपयोग कळतो. एखाद्या खेळाडूवर काय लिहिलं गेलं आहे हे शोधायचं असेल तेव्हा तिच्यासारखं दुसरं काही नाही.

भारतातल्या सामन्यांसाठी मात्र विस्डेन पुरत नाही. त्यासाठी मद्रासच्या 'द हिंदू'नं १९४६-४७ पासून काढलेली 'इंडियन क्रिकेट' ही वार्षिकं हवीत. एस. के. गुरुनाथन यांनी ती घडवली. रणजी सामन्यांचे धावफलक, कोण कुठे कधी खेळलं, हे तिथे मिळतं. सहीवर तारीख असेल तर त्या दिवशी तो खेळाडू त्या गावात होता का, हे तपासायची हीच जागा. आणि सी. कें.साठी दोन पुस्तकं : वसंत रायजी यांचं, आणि सी. कें.ची कन्या चंद्रा नायडू यांनी वडिलांच्या आठवणींचं १९९५ मध्ये लिहिलेलं. रायजी हे हिशेबनीस पेशाचे, स्वतः रणजी खेळलेले, आणि शंभरी पूर्ण करून २०२० मध्ये गेले. अशा माणसांनी आकडे जपले म्हणून माझ्यासारखीला आज पडताळून पाहता येतं.

एक गोष्ट या पुस्तकांनी दिली, ती मी मागितलीही नव्हती. मामांच्या ट्रंकेत १९८७ च्या विश्वचषकाचा तिकिटाचा तुकडा आहे, नागपूरचा, भारत-न्यूझीलंड. चेतन शर्मानं रुदरफोर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड तिघांचेही त्रिफळे उडवले ती हॅटट्रिक, विश्वचषकातली पहिली. सुनील गावसकरचं एकदिवसीय सामन्यांतलं एकुलतं एक शतक, नाबाद १०३. हे मामांकडून शंभरदा ऐकलेलं. पण तुकड्याची नोंद करायला तारीख पाहिली : ३१ ऑक्टोबर. सी. कें.चा जन्मदिवस, सी. कें.च्या गावात. मामांना हे माहीत होतं का? त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आता विचारता येत नाही. मामीला फोन केला. ती म्हणाली, "त्या दिवशी ते घरी आले तेव्हा आवाजच बसला होता. दोन दिवस खुणेनं बोलून राहिले होते." तेही मी लिहून ठेवलं.

ट्रंकेत सी. कें.चा एक फोटो होता, खाली झोकदार सही. मामीनं तो फ्रेम करून द्यायचं ठरवलं होतं. काकांनी तिकिटांचं दहापटीचं भिंग दिलं आणि म्हणाले, "चेहरा पाहा, मग सही पाहा." चेहऱ्यावर बारीक ठिपके दिसले, मोहरीसारखे, ओळीनं. छापील चित्राला असतात तसे. भिंग खाली सरकवलं. सहीतही तेच ठिपके, त्याच ओळीत, कोटाच्या बाहीवरून थेट 'एन'च्या आत शिरलेले. सही फोटोवर केलेली नव्हती. तिचाही फोटोबरोबरच ठसा निघाला होता. मामीला हे सांगायला मला जड गेलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "फ्रेम करूच. त्यांनी जपला ना."

मग तेच भिंग सह्यांच्या वहीवर धरलं. इथे ठिपके नाहीत. निळी शाई, टाक जिथे टेकला तिथे गडद, वळणावर फिकट, 'वाय'च्या शेपटीला कागदाचे तंतू शाई पिऊन फुगलेले. म्हणजे कोणीतरी हातानं, पेनानं ही सही केली आहे. कोणी, हे भिंग सांगत नाही. पानावर तारीख नाही, गाव नाही. आधीच्या पानावर एका शाळेच्या स्नेहसंमेलनातली सही, पुढचं पान कोरं. रायजींच्या आणि चंद्राताईंच्या पुस्तकांतून ताडून पाहायचं काम अजून चालू आहे.

आपल्याकडच्या कार्डांची, तिकिटांची, च्युइंगगमबरोबर मिळालेल्या धावा आणि विकेटींच्या चिठ्ठ्यांची प्लेअरच्या संचांसारखी यादी मी खूप शोधली. मिळाली नाही. 'बिग फन'च्या त्या चिठ्ठ्या माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या कंपासपेटीत होत्या, आणि मामांनीही दहा-बारा ठेवल्या आहेत, त्यांना कोणतंही पान नाही. २०१८ च्या १ जानेवारीला विदर्भानं इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, त्या सामन्याचा छापील कागद कोणाच्या घरात आहे, हे तरी कुठे लिहिलंय?

म्हणून दोनशे पानी वही घेतली. डाव्या बाजूला वस्तू जशी दिसते तशी : माप मिलिमीटरमध्ये, पुढचं, मागचं, फाटलेलं कुठे. उजव्या बाजूला कोणत्या पुस्तकात काय सापडलं, पानासह. पेन्सिलनंच लिहायचं, आणि वस्तूवर काहीही लिहायचं नाही, हे काकांचे दोन नियम. पहिली नोंद नवाबांची आहे, बरोबर सालासह. 'पतौडी, १९६९' लिहिलेलं पाकीटही फेकलं नाही, त्यात आता फक्त तिकीट आहे. काल रात्री वहीच्या सहीपर्यंत आले. डावी बाजू पूर्ण भरली. उजवीकडे लिहिलं :

क्र. ४१. सही, निळी शाई, हाताची. सी. के. नायडू (?).